तीन नंबरच्या खिडकीची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे हं! शाळेतल्या पाटीवर चुकले तर पुसता येते, माझ्यावर एकदा लिहिले ते कायमचे. मी पत्र्याची आहे. माझ्या चार कोपऱ्यांना चार भोके आहेत आणि अंगावर दोनच ओळी आहेत : 'येथे विवरणपत्र मोफत भरून मिळेल. खिडकी क्रमांक तीन.' एवढेच माझे शिक्षण. पण एवढ्या शिदोरीवर मी जितकी माणसे पाहिली, तितकी जाडजूड ग्रंथांनाही पाहायला मिळत नाहीत. ते बिचारे कपाटात असतात आणि मी रस्त्यावर.

माझा जन्म एका रंगाऱ्याच्या दुकानात झाला. त्याने मला काचकागदाने घासले तेव्हा मला इतक्या गुदगुल्या झाल्या की मी टेबलावर थरथरत होते. मग पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, ते वाळू दिले आणि निळ्या रंगात अक्षरे काढली. 'मोफत' हा शब्द मात्र त्याने लाल रंगात आणि चांगला ठसठशीत काढला. दुकानाच्या मागच्या खोलीतून त्याची बायको डोकावली.

"मोफत एवढं मोठं कशाला लिहिलंत? लोकांना खोटं वाटेल."

"खरं आहे म्हणून तर मोठं लिहितोय," रंगारी म्हणाला.

"बघा हं. फुकट म्हटलं की माणूस आधी खिसा चाचपतो."

ती बाई फार शहाणी होती, हे मला पुढे कळले. त्या दिवशी मात्र मी आपल्या लाल अक्षरांवर खूष होते.

विवरणपत्र म्हणजे काय, असे तुम्ही विचाराल. माणसाने वर्षभर किती कमावले, त्यातला सरकारचा वाटा किती आणि तो देऊन झाला की नाही, हे सरकारला दरवर्षी लेखी सांगावे लागते. त्या हिशेबाला विवरणपत्र म्हणतात. कधी पगारातून वाटा जास्त कापला जातो. तो परत हवा असला तरी हेच भरावे लागते. ते भरायला सरकार एक पैसाही घेत नाही. पण त्यातले प्रश्न असे असतात की भल्याभल्यांना घाम फुटतो. मग लोक बाहेर कोणाला तरी पैसे मोजून ते भरून घेतात. म्हणून आमच्या कर कार्यालयात एक खिडकी उघडायचे ठरले. त्या खिडकीत बसलेले माणूस कोणाचेही विवरणपत्र त्याच्यासमोर, फुकट भरून देईल, अशी ती सोय होती.

त्या खिडकीत एक ताई बसायच्या. लहानथोर सगळेच त्यांना ताई म्हणत. त्याआधी त्या तळघरातल्या दप्तरखान्यात जुन्या फायलींना दोरे बांधायच्या. तिथे दिवसचे दिवस माणसाचे तोंड दिसत नसे. त्यांनी ही खिडकी मागून घेतली होती. त्यांची काम करायची एक रीत होती. संगणकाचा पडदा त्या समोरच्या माणसाकडे वळवायच्या, एकेक ओळ हळू आवाजात वाचायच्या, आणि सगळे भरून झाले की म्हणायच्या, "आता शेवटचं बटण तुम्ही दाबा. तुमचं आहे ते." पण हे सगळे मला नंतर कळले. आधी माझ्यावर काय संकट आले ते सांगते.

वरून आदेश आला होता : 'पाटी प्रवेशद्वारालगत, दर्शनी भागात लावावी व लावल्याचे छायाचित्र पाठवावे.' शिपाईमामांना दिवसभर कामातून सवड मिळाली नाही, म्हणून त्यांनी मला कार्यालय बंद झाल्यावर लावायला घेतले. बाहेरच्या भिंतीवर, दाराच्या अगदी शेजारी, कोणत्या तरी जुन्या पाटीचे चार खिळे आयतेच होते. मामांना जास्तीच्या कष्टांचे भारी वावडे. त्यांनी मला त्याच खिळ्यांना अडकवले. हेडक्लार्क साहेबांनी दोन पावले मागे जाऊन माझा फोटो काढला. फोटो सुरेख आला. मुख्य कार्यालयाने शाबासकीही पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले. मित्रांनो, आमच्या कार्यालयाचे दार बाहेरच्या बाजूला उघडते. ते एकच आहे, पण चांगले भलेदांडगे आणि लाकडी आहे. ते पुरते उघडून भिंतीला टेकवायचे आणि खालच्या हुकात अडकवायचे, अशी तिथली जुनी रीत होती. मामांनी ते आतून ढकलत आणले आणि थाडकन माझ्या तोंडावर टेकवले. मला काही दिसेनासे झाले. वाटले, चुकून झाले असेल, आत्ता कोणाच्या तरी लक्षात येईल. कोणाच्याच लक्षात आले नाही. संध्याकाळी कार्यालय बंद झाले, मामांनी दार आतून ओढून घेतले, तेव्हा कुठे मला उजेड दिसला.

म्हणजे कार्यालय उघडे असले की मी झाकलेली, आणि कार्यालय बंद झाले की मी उघडी! मामांच्या आणि माझ्यामध्ये कायम ते दार असायचे. ताई आणि साहेब मागच्या फाटकाने येत-जात, कारण गाड्या लावायची जागा तिकडे होती. त्यामुळे मी जागेवर आहे असे सगळे धरून चालले होते, आणि तसे पाहिले तर मी होतेही.

संध्याकाळी येणारेजाणारे मला वाचत. एकदा एक परिचारिका दवाखान्यातून घरी जाताना माझ्यापुढे थांबली. पाय दुखत असावेत, ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिने मला दोनदा वाचले. "मोफत? बरं झालं बाई," असे पुटपुटून ती गेली. मला इतका आनंद झाला! दुसऱ्या दिवशी ती सुटी काढून आली खरी, पण तेव्हा मी दाराआड होते.

दाराला एक उभी फट होती. तिच्यातून मला रस्त्याचा चिंचोळा तुकडा दिसे, आणि त्यात नेमके अर्जवाले काका बसत. त्यांचे एक घडीचे टेबल, एक छत्री आणि एक लॅपटॉप. काका वाईट माणूस नव्हते. काम चोख करत आणि पैसेही चोख घेत. परिचारिकेने इकडेतिकडे पाहिले आणि त्यांनाच विचारले, "इथे मोफतची पाटी होती ना?"

"पाटी? मी रोज इथे बसतो. मला तर कधी दिसली नाही," काका म्हणाले. ते खोटे बोलले नाहीत. कार्यालय बंद व्हायच्या आधीच ते टेबल मिटून घरी जात.

"मग मीच चुकीचं वाचलं असेन," ती म्हणाली आणि त्यांच्या टेबलापुढे बसली. मला ओरडावेसे वाटले, पण पत्र्याला वारा लागल्याशिवाय आवाज नसतो आणि दाराआड कसला वारा!

असे बरेच महिने गेले. माझ्या पाठीमागच्या भिंतीपलीकडेच तीन नंबरची खिडकी होती. ताई तिथे माशा मारत बसल्याचे मला ऐकू यायचे. त्या टेबल पुसायच्या, पेन्सिलींना टोके करायच्या, पुन्हा टेबल पुसायच्या. आणि एक दिवस साहेबांनी मुख्य कार्यालयाचे पत्र मोठ्याने वाचून दाखवले. लोकांना या सेवेची गरज दिसत नाही, सबब महिनाअखेर खिडकी बंद करावी, असे त्यात लिहिले होते.

"गरज नाही कशी, साहेब?" ताई म्हणाल्या. "बाहेर काकांच्या टेबलाशी रांग लागते, ती कसली?"

"ते पैसे देतात. म्हणजे त्यांना परवडतं."

"परवडतं म्हणून नाही देत. माहीत नाही म्हणून देतात."

"माहीत कसं नाही? पाटी लावली आहे. फोटो आहे आपल्याकडे."

फोटोपुढे कोण काय बोलणार? ताईंनी पुन्हा टेबल पुसायला घेतले. खिडकी बंद झाली की त्यांनी परत तळघरात जायचे आणि दोरे बांधायचे. आणि बाहेरच्या लोकांनी जन्मभर फुकटच्या कामाचे पैसे मोजायचे. मला फार वाईट वाटले. ज्या खिडकीसाठी माझा जन्म झाला होता, तिच्याच मी काही उपयोगाची नव्हते.

पण कोणाचे नशीब कधी फळफळेल सांगता येत नाही. एक जुने लोखंडी कपाट बाहेर काढताना हमालांच्या हातून निसटले आणि दारावर आदळले. वरची बिजागरी मुळापासून निखळली. सुताराने दारच काढून हातगाडीवर घालून नेले. रात्रीपुरती जाळी ओढायची असे ठरले. आणि मित्रांनो, भर दिवसा माझ्या अंगावर ऊन पडले!

परिचारिका रात्रपाळी करून परतत होती. माझ्यासमोर येताच ती मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, आहे की पाटी!" ती तडक आत गेली. यावर्षीचे विवरणपत्र तिचे अजून राहिले होते. ताईंनी पडदा तिच्याकडे वळवला, ओळी वाचल्या, तिने शेवटचे बटण दाबले आणि पर्स उघडली.

"किती द्यायचे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे किती?"

ताई इतक्या हसल्या की शेजारच्या दोन्ही खिडक्यांतून माना बाहेर आल्या.

मग पाव भाजणारा कामगार आला, बसचालक आला, संगीत शिकवणारे एक गुरुजी आले. रांग दारापर्यंत यायला लागली. रांगेतले लोक माझ्याकडे बोट दाखवून बोलू लागले, एकाने तर रुमालाने माझा चेहराही पुसला. साहेबांनी मुख्य कार्यालयाला कळवले की आपण केलेल्या प्रचाराला फळ आले आहे. कसला प्रचार, ते मला कळले नाही, पण मोठ्या माणसांना असे बोलावे लागत असेल. मुख्य कार्यालयाने उत्तर दिले : महिनाअखेर एक अधिकारी स्वतः पाहायला येतील आणि मग खिडकीचे काय ते ठरेल.

तेवढ्यात दार परत आले. नव्या बिजागऱ्या, नवे पॉलिश, अगदी नवरदेवासारखे नटून आले. मामांनी ते हौसेने उघडले आणि हौसेनेच माझ्यावर टेकवले. मी पुन्हा अंधारात गेले, आणि रांग सकाळच्या धुक्यासारखी विरून गेली. ताई विचारायच्या, "मामा, लोक एकदम का हो यायचे थांबले?"

"लोकांचं काय खरं असतं ताई," मामा म्हणायचे. "आज येतात, उद्या नाही."

महिनाअखेर उजाडली. अधिकारी दुपारपर्यंत येणार होते. ताईंनी टेबल पुसले आणि नंतर मला ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. त्या आपल्या वस्तू पिशवीत भरत होत्या. बाहेर विवरणपत्रांची मुदत संपत आली होती, त्यामुळे काकांच्या टेबलाशी ही गर्दी.

आणि त्याच सकाळी परिचारिकेची थोरली बहीण आली. ती शाळेचे गणवेश शिवायची. गळ्यात मोजपट्टी तशीच होती; काम अर्धे टाकून आली असावी. धाकटीने तिला सांगितले होते की दाराशेजारी लाल अक्षरांची पाटी आहे, ती दिसली की सरळ आत शिरायचे. तिने भिंत पाहिली, दार पाहिले, मग उंबऱ्यापाशी स्टुलावर बसलेल्या मामांना गाठले.

"मामा, मोफतची पाटी कुठंय?"

"दाराशेजारी," मामा स्टुलावरून न हलता म्हणाले.

"दाराशेजारी काही नाही."

"असं कसं? मी स्वतः लावली आहे."

"मग दाखवा."

मामा जरा रागावूनच उठले. "ही काय..." असे म्हणत त्यांनी बोट दाखवले, आणि ते बोट दारावर जाऊन थांबले. मामांनी दाराकडे पाहिले. बाईंनी मामांकडे पाहिले.

"माझी बहीण खोटं बोलत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी खाली वाकून हुक काढला आणि दोन्ही हातांनी दार ओढले.

आतून ओरडा झाला, "अहो, दार काय लावता? आत्ताच तर उघडलंय!" पण बाई कसल्या ऐकतात! दार कुरकुरत फिरले आणि मी सगळ्यांसमोर लख्ख उजेडात आले. काकांच्या टेबलाशी उभे असलेले लोक माना वळवून वाचू लागले. आरडाओरडा ऐकून ताई धावत बाहेर आल्या, त्यांच्यामागे साहेब. साहेबांनी खिशातून फोन काढला, माझा फोटो शोधला, एकदा फोटोकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले.

"फोटोत तर दिसते," ते म्हणाले.

"फोटो काढताना दार बंद होतं, साहेब," मामा मान खाली घालून म्हणाले.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," बाई म्हणाल्या. "आता माझं विवरणपत्र भरून देता का? तिकडे शंभर बाह्या जोडायच्या राहिल्यात."

ताई हसत होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या. त्यांनी माझ्या लाल अक्षरांवरून हात फिरवला. एवढ्या महिन्यांत कोणी मला इतक्या मायेने हात लावला नव्हता. खरे सांगते, मी पत्रा नसते तर रडले असते.

आता मला कुठे लावायचे? साहेबांना घोर पडला. आदेशात 'प्रवेशद्वारालगत' असे होते. जागा बदलायची तर परवानगी हवी, आणि परवानगी यायची म्हणजे पुढचे वर्ष. ताई म्हणाल्या, "दाराच्या आतल्या अंगालाच लावूया ना. दार उघडलं की तीच बाजू रस्त्याकडे येते. आणि दारापेक्षा दाराच्या जास्त जवळ काय असणार?" साहेबांनी विचार केला आणि मान हलवली. मामांनी स्वतःहून हातोडी आणली. कष्टांचे वावडे त्या दिवशी कुठे पळाले कोण जाणे.

दार पुन्हा उघडले आणि मी दारासकट रस्त्याला तोंड करून उभी राहिले. काकांच्या टेबलापुढचा एकेक माणूस इकडे सरकू लागला. "मी काय करू मग?" काका कुरकुरले. गणवेशवाल्या बाई रांगेतूनच म्हणाल्या, "अहो, अर्ज काय एकच असतो का? नळाचा असतो, विजेचा असतो, बदलीचा असतो. ते घ्या लिहायला." काकांनी टेबल थोडे पुढे सरकवले. आजही ते तिथेच बसतात आणि त्यांचे बरे चालले आहे.

दुपारी अधिकारी आले. हातात बॅग, बॅगेत खिडकी बंद करण्याचा कागद. ते सरळ आत जाऊ लागले तर बसचालकाच्या बायकोने त्यांना अडवले, "भाऊ, फुकट असलं तरी रांग आहे." ते काही बोलणार होते, पण त्यांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी मला वाचले. मग रांगेकडे पाहिले. आणि काय मनात आले कोण जाणे, ते मुकाट्याने शेवटी जाऊन उभे राहिले. रांग दाराबाहेर आली होती, त्यामुळे ते बराच वेळ माझ्यासमोरच होते. पुढच्या आजोबांनी त्यांना आपल्या निवृत्तिवेतनाची सगळी कहाणी ऐकवली. तेही ऐकत राहिले.

पुढचे मला नंतर ताई-मामांच्या बोलण्यातून कळले. ते खिडकीशी पोचले तेव्हा ताईंनी त्यांना ओळखले नाही. दिवसभर बोलून त्यांचा आवाज बसला होता.

"बसा. तुमची कागदपत्रं आणलीत?"

अधिकाऱ्यांनी बॅग उघडली. क्षणभर त्यांचा हात आतच राहिला. मग त्यांनी एक कागद बाजूला सारला आणि दुसरे पाकीट काढले. "खरं सांगू का ताई, मी दरवर्षी बाहेरूनच भरून घेतो," ते म्हणाले. "आमच्या मुख्य कार्यालयातले सगळेच."

ताईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्या एकेक ओळ वाचू लागल्या आणि ते शाळेतल्या मुलासारखे उत्तरे देत गेले. सगळे झाल्यावर ताई म्हणाल्या, "आता शेवटचं बटण तुम्ही दाबा. तुमचं आहे ते."

त्यांनी बटण दाबले. मग ते उठले, आपण कोण आहोत ते त्यांनी ताईंना सांगितले आणि रांगेकडे पाहत म्हणाले, "ही खिडकी बंद होणार नाही." ताई खाली बसल्या. त्यांची भरलेली पिशवी पायाशी होती. त्यांनी तिच्यातून पेन्सिली काढल्या आणि पुन्हा टेबलावर मांडून ठेवल्या.

मित्रांनो, या गोष्टीला आता खूप वर्षे झाली. माझा पांढरा रंग पिवळा पडला आहे, एका कोपऱ्याला गंज चढला आहे. पुष्कळ लोक हल्ली घरीच फोनवर विवरणपत्र भरतात, तेही फुकटच असते. पण ज्यांना जमत नाही, भीती वाटते किंवा कोणीतरी शेजारी बसायला हवे असते, ते अजून येतात. संध्याकाळी दार बंद झाले की मी आतल्या रिकाम्या खुर्च्या पाहत राहते आणि सकाळची वाट बघते. मी समाधानी आहे. ज्या कामासाठी मला बनवले, ते काम मला करायला मिळाले. सगळ्यांना कुठे मिळते?

एकच मागणे आहे. वर्षातून एकदा माझ्यावरून ओले फडके फिरवा आणि तो गंज वाढू देऊ नका. आणि तुमच्या घरात, शेजारात कोणी कागद पुढे घेऊन कपाळाला हात लावून बसलेले दिसले, तर त्यांना सांगा की अशी एक खिडकी असते. नुसते सांगू नका, पहिल्यांदा त्यांच्याबरोबर या. मी दाराशी आहेच, पण मला पाय नाहीत. मी कोणाच्या घरी जाऊ शकत नाही. तुम्ही जाऊ शकता.